मिडवेस्टमधल्या खापरपणजोबांचा माग कसा काढावा

नातीला शाळेतून घराण्याची माहिती गोळा करून आणायला सांगितली होती. आमच्या बाजूचं काम एका संध्याकाळीच उरकलं. कपाटात छापील कुलवृत्तांत होता, त्यात माझ्या आजोबांपर्यंतची सगळी नावं होती. जावयाच्या बाजूला मात्र पंचाईत झाली. तो आयोवाचा, आणि त्याच्या घरात एवढंच माहीत होतं की खापरपणजोबा शेतकरी होते, यादवी युद्धात लढले होते आणि "आपण मूळचे डेन्मार्कचे". प्रकल्प देऊन झाला, नातीला शेरा मिळाला, पण मी अडकलो तो अडकलोच. पुढची तीन वर्षं या माणसाच्या मागावर गेली. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. अमेरिकेत सोयरीक झालेली मराठी घरं आता कमी नाहीत, तेव्हा कुणा आजी-आजोबांना उपयोग होईल.

मिडवेस्ट म्हणजे ओहायोपासून नेब्रास्का, कॅन्सस आणि दोन्ही डकोटांपर्यंतची बारा राज्यं. एकोणिसाव्या शतकात इथे माणसं सतत पश्चिमेकडे सरकत होती. ओहायोत जन्म, इंडियानात लग्न, आयोवात शेती आणि नेब्रास्कात मरण, असा प्रवास अगदी नेहमीचा. त्यामुळे नुसतं नाव धरून शोधायला गेलात तर त्याच नावाची चाळीस माणसं समोर येतात. नावाआधी जागा पक्की करा. माणूस कोणत्या साली कोणत्या काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग) होता आणि त्याच्या शेजारी कोण राहत होतं, हे कळलं की नाव आपोआप ओळखू येतं.

आधी विहीणबाईंची पेटी

संगणक उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा. आमच्या विहीणबाईंकडे माळ्यावर पत्र्याची एक पेटी निघाली. तिच्यात जर्मन भाषेतलं बायबल, मागे छायाचित्रकाराचं नाव-गाव छापलेले चार फोटो, अंत्यविधीची कार्डं आणि घडीवर फाटलेला एक कोर्टाचा कागद होता. फोटोमागचं गाव फार कामाचं असतं, कारण शेतकरी फोटो काढायला सहसा जवळच्याच गावात जायचा. बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिलेल्या असतील तर पुस्तक कधी छापलं ते बघा. पुस्तक १८८० चं आणि पहिली नोंद १८३८ ची असेल, तर ती नोंद नंतर आठवून लिहिलेली आहे.

प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो काढा आणि सोबत ती कुणाकडे होती ते लिहून ठेवा. एक सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या. माहिती लिहिताना ती कुणी सांगितली आणि सांगणारा तेव्हा तिथे हजर होता का, हेही शेजारी लिहा. मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख बहुधा बरोबर असते. त्याच दाखल्यावरचं मृताच्या आईचं नाव सुनेने अंदाजाने सांगितलेलं असू शकतं, आणि त्या सासूला सुनेने जन्मात पाहिलेलं नसतं.

तारखांच्या बाबतीत आपण हमखास फसतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ४/७/१८३८ म्हणजे ७ एप्रिल. आम्ही महिनाभर ४ जुलै धरून बसलो होतो, वर "राष्ट्रदिनाला जन्मले" म्हणून कौतुकही करत होतो.

मरणापासून मागे

शोध नेहमी उलटा चालवायचा. अलीकडच्या माणसापासून मागे आणि एकेका माणसाच्या बाबतीत मृत्यूपासून जन्माकडे. म्हातारपणी माणसाची कागदोपत्री ओळख पक्की झालेली असते, तर बालपणी काहीच नसतं.

आधी थडगं शोधा. फाइंड अ ग्रेव्ह या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी काढलेले थडग्यांचे फोटो फुकट पाहता येतात. जुन्या दगडांवर जन्मतारखेऐवजी वय कोरलेलं असतं. आमच्याकडे "१२ मार्च १९०९, वय ७० वर्षं ११ महिने ५ दिवस" असं होतं. मागे मोजत गेलं की ७ एप्रिल १८३८ येतं. दगडाचा फोटो नसेल आणि नुसतीच माहिती टाकलेली असेल, तर ती ऐकीव समजा. आजूबाजूची थडगीही बघा. एकाच रांगेत पुरलेली वेगळ्या आडनावाची माणसं बऱ्याचदा लेकी, जावई किंवा मेव्हणे निघतात.

मग दाखला. इथे राज्याराज्यांत फार फरक आहे. मिशिगनने राज्यपातळीवर जन्म-मृत्यू नोंदणी १८६७ मध्येच सुरू केली, आयोवाने १८८० मध्ये. ओहायोत राज्याची नोंदणी डिसेंबर १९०८ पासून, त्याआधी १८६७ पासून काउंटीच्या वह्या. मिसुरीत १९१० पासूनचे मृत्यूचे दाखले राज्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात, फक्त ते पन्नास वर्षांहून जुने असावे लागतात. कायदा झाला म्हणजे लगेच सगळ्यांनी नोंद केली असंही नाही. दुर्गम शेतावरचं मूल वहीत आलंच नाही, असं सर्रास घडलं. लग्नाच्या नोंदी मात्र बहुतेक ठिकाणी काउंटी स्थापन झाल्यापासून सापडतात, कारण परवाना काउंटीच देत असे. इलिनॉयमधल्या १९०० पर्यंतच्या लग्नांची राज्याने केलेली सूचीही ऑनलाइन आहे.

निधनवार्ता वाचायला विसरू नका. लहान गावातली वर्तमानपत्रं "जुन्या वस्तीकरां"च्या निधनावर रकाना-दीड रकाना लिहीत. कुठे जन्मले, कधी आले, कोणत्या गावात आधी राहिले, कोणती मुलगी आता कुठे नांदते, सगळं त्यात असे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह फुकट आहे. इलिनॉय, इंडियाना आणि मिनेसोटाचे स्वतःचे डिजिटल संग्रहही आहेत. घराणं जर्मन असेल तर जर्मन वर्तमानपत्रं धुंडाळा. आयोवातल्या डेव्हनपोर्टला १८५१ पासून निघणारं 'डेर डेमोक्राट' होतं. इंग्रजी पेपरात आमच्या माणसावर चार ओळी होत्या, जर्मन पेपरात चांगला परिच्छेद.

खानेसुमारी: दर दहा वर्षांनी एक फोटो

अमेरिकेची खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी ती लोकांसाठी खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते, फक्त खातं उघडावं लागतं. अँसेस्ट्री या संकेतस्थळाला पैसे पडतात, पण बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत ते फुकट वापरू देतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, तेव्हा विचारा.

मात्र कोणत्या वर्षी काय विचारलं होतं ते माहीत हवं, नाहीतर पान समोर असूनही कळत नाही. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकीचे नुसते आकडे, म्हणजे "दहा ते पंधरा वयाचे मुलगे, दोन" असे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं, पण नातं नाही. घरातली सोळा वर्षांची मुलगी लेक आहे, मेव्हणी आहे की मोलकरीण, हे पान सांगत नाही. १८८० मध्ये नात्याचा रकाना आला आणि आईवडिलांची जन्मस्थळंही आली. १९०० ची मला सगळ्यात आवडते. जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती जिवंत आहेत, कोणत्या साली अमेरिकेत आले, एवढं सगळं एका ओळीत. आमच्या खापरपणजीच्या ओळीत "नऊ, सहा" असे दोन आकडे आहेत. त्या तीन मुलांची नावं कुणालाच माहीत नव्हती.

आता १८९० चं भगदाड. वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत ठेवलेले ते कागद जानेवारी १९२१ च्या आगीत आणि आग विझवायच्या पाण्यात सापडले. उरलेले भिजके गठ्ठे पुढे सरकारी मंजुरी घेऊन नष्ट केले. सव्वासहा कोटी माणसांपैकी जेमतेम सहा हजारांच्या आसपास नावं आज शिल्लक आहेत. म्हणजे १८८१ मध्ये जन्मून १८९९ मध्ये घराबाहेर पडलेलं मूल आईबापांसोबत एकाही केंद्रीय खानेसुमारीत दिसत नाही.

हे भगदाड राज्यांच्या खानेसुमारीने बुजवता येतं, आणि तिकडे फार थोडे लोक वळतात. कॅन्सस, आयोवा, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांनी पाचच्या सालांत, म्हणजे १८८५, १८९५, १९०५ मध्ये, स्वतःच्या खानेसुमाऱ्या घेतल्या. नेब्रास्काची १८८५ ची आहे, मिशिगनची १८८४ आणि १८९४ ची काही काउंट्यांपुरती उरली आहे. आयोवाच्या १८५६ च्या खानेसुमारीत माणूस राज्यात किती वर्षांपासून आहे हे विचारलं होतं. त्यात आमचा माणूस सापडला. वय १८, राज्यात २ वर्षं, दुसऱ्याच्या शेतावर गडी. म्हणजे १८५४ च्या सुमारास आयोवात आला, ठिकाण स्कॉट काउंटी.

आयोवाची १९२५ ची तर खजिनाच आहे. तिच्यात प्रत्येक माणसाच्या आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव आणि त्यांचं जन्मस्थळ विचारलं होतं. तुमचा माणूस तोवर गेलेला असला तरी चालेल, त्याच्या धाकट्या बहिणीला किंवा भावाला शोधा. जे आपल्या माणसाच्या कागदात नाही ते भावंडांच्या कागदात असतं. हे मला फार उशिरा उमगलं.

नावाच्या स्पेलिंगवर हट्ट धरू नका. मोजणारा दारात उभा राहून कानाला लागेल तसं लिहीत असे. म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ, कोखचा कुक झालेला असतो. संगणकावर सूची करणाऱ्याने पुन्हा वेगळं वाचलेलं असतं. आडनाव न घालता फक्त पहिलं नाव, वय, जन्मस्थळ आणि काउंटी घालून शोधून बघा. टोपणनावांचंही ध्यानात ठेवा. पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा. "ज्युनिअर" आणि "सीनिअर" हे बापलेकच असतील असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले तर धाकट्याला ज्युनिअर म्हणत.

आणि पान सापडलं की आपली ओळ वाचून थांबू नका. मागची दोन आणि पुढची दोन पानं वाचा. एका खेड्यातली माणसं एकाच खेड्यात जाऊन वसायची, आपल्याकडे कोकणातली माणसं गिरणगावात एकाच चाळीत राहायची तसंच. शेजाऱ्यांची नावं वहीत उतरवून ठेवा, पुढे त्यांची गरज लागते.

काउंटी बदलते, माणूस तिथेच

माणूस एकाच शेतावर चाळीस वर्षं राहिला तरी त्याची काउंटी बदललेली असू शकते. नवी राज्यं वसत होती, तशा मोठ्या काउंट्या तोडून लहान केल्या जात होत्या. जुना कागद मूळ काउंटीच्या कचेरीतच राहतो. म्हणून कागद मागवायच्या आधी त्या साली ती जागा कोणत्या काउंटीत होती हे तपासा. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या जुन्या सीमांचा नकाशासंग्रह तयार केला आहे, त्यात तारखेनिशी सीमा दिसतात. कचेरी जळाली होती का, हेही बघा. शिकागोचा पूर्वज असेल तर ऑक्टोबर १८७१ च्या मोठ्या आगीत कुक काउंटीचे कागद गेले, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सातबारा नाही, पण त्याच्यासारखंच

जमिनीच्या कागदांना लोक कंटाळतात. मला मात्र खरी मजा इथेच आली. ज्याने तलाठ्याच्या ऑफिसात फेरफाराच्या नोंदींसाठी हेलपाटे घातलेत, त्याला हे काम जमतंच.

१७८५ च्या कायद्याने इथली जमीन चौकटीत मोजली गेली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन एक मैल चौरस, म्हणजे ६४० एकर. त्याचा पाव म्हणजे १६० एकर. पत्ता असा येतो: "ईशान्य पाव, सेक्शन १४, टाउनशिप ७९ उत्तर, रेंज २ पूर्व". पाटी-पेन्सिल घेऊन चौकट काढा, पाच मिनिटांत समजतं. घोळ एवढाच की 'टाउनशिप' हा शब्द कारभाराच्या गावगटालाही वापरतात आणि त्याची हद्द मोजणीच्या टाउनशिपशी जुळेलच असं नाही.

सरकारकडून पहिल्यांदा जमीन घेणाऱ्याला पेटंट, म्हणजे मालकीची सनद, मिळे. केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर या पेटंटांच्या प्रती फुकट दिसतात. १८२० नंतर सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता. २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची, आणि परदेशी असाल तर निदान नागरिकत्वाचा अर्ज केलेला हवा. तुमचा माणूस नेब्रास्का, कॅन्सस किंवा डकोटात असेल तर त्याच्या होमस्टेडची फाइल राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवा. तिच्यात घर केवढं होतं, किती एकर नांगरले, विहीर खणली का, याची शेजाऱ्यांनी दिलेली साक्ष असते, आणि नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही.

आमच्या माणसाचं पेटंट नव्हतं. तेव्हा थोडा हिरमुसलो, मग लक्षात आलं की मिसिसिपीकाठची स्कॉट काउंटी तो येण्यापूर्वीच विकली गेली होती. त्याने दुसऱ्याकडून घेतली असणार. असं असेल तर काउंटीच्या रेकॉर्डरकडची खरेदीखतं बघायची. देणाऱ्यांची एक सूची असते, घेणाऱ्यांची दुसरी, दोन्ही बघा. विकताना बायकोची सही बहुधा घेत, कारण नवऱ्याच्या जमिनीत तिचा हक्क असे. त्यामुळे अमुक साली बायको कोण होती हे खतावरून कळतं. खत "एक डॉलर आणि प्रेमापोटी" असं असेल तर देणारा-घेणारा नात्यातले आहेत हे जवळपास नक्की. आमचं पहिलं खत असंच निघालं, आणि देणारा होता १८५६ च्या पानावरचा तो मालक, ज्याच्या शेतावर हा गडी होता. तो त्याचा सासरा निघाला.

ही खतं पूर्वी मायक्रोफिल्मवर एकेक पान सरकवत वाचावी लागत. अलीकडे फॅमिलीसर्चने हस्तलिखित दस्तांमधला मजकूर थेट शोधायची सोय केली आहे. साक्षीदार म्हणून किंवा हद्दीच्या वर्णनात आलेलं नावही त्यात सापडतं. वारसा-वाटणीचे प्रोबेटचे कागदही त्यातच शोधा. त्यात 'ऑर्फन' शब्द दिसला तर आईही वारली असं समजू नका. बाप गेलेल्या मुलाला कोर्ट ऑर्फन म्हणे, मग आई शेजारच्या खोलीत का असेना.

जुने छापील नकाशेही बघा. आयोवाचा १८७५ चा अँड्रियासचा नकाशासंग्रह, शिवाय काउंट्यांचे नकाशे, ज्यांत प्रत्येक शेतावर मालकाचं नाव छापलेलं असतं. त्याच सुमाराला काउंट्यांचे जाडजूड इतिहास निघाले, त्यात प्रतिष्ठितांची चरित्रं आहेत. ती वाचा, पण सगळंच खरं धरू नका. बरीचशी पुस्तकं वर्गणीवर निघत, आणि माहिती घरच्यांनीच दिलेली असे. प्रत्येकाचा बाप "उद्यमी आणि सचोटीचा" निघतो.

युद्धात होते म्हणतात ना?

१८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात मिडवेस्टची लाखो माणसं उत्तरेकडून लढली. जन्म १८२० ते १८४५ च्या दरम्यानचा असेल तर तपासाच. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर सैनिकांची यादी आहे, तिच्यातून पलटण कळते. खरा ऐवज मात्र पेन्शनच्या फाइलीत. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. फी लागते, थोडीथोडकी नाही, आणि महिनोन् महिने वाट पाहावी लागते. तरी मागवा.

कारण असं. १८९० च्या कायद्याने युद्धात जखम झाली नसली तरी काम करता न येणाऱ्या जुन्या सैनिकाला पेन्शन मिळू लागलं, त्यामुळे अर्ज भाराभर आले. १८९८ मध्ये पेन्शन खात्याने सैनिकांना एक प्रश्नावली पाठवली. बायकोचं माहेरचं नाव काय, लग्न कुठे आणि कुणी लावलं, आधीची बायको होती का, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा द्या. आमच्या फाइलीतलं ते पान त्याने स्वतः भरलेलं आहे, जर्मन वळणाच्या अक्षरात. विधवेने अर्ज केला असेल तर लग्न सिद्ध करायला शेजारणींच्या साक्षी जोडलेल्या असतात, आणि बायका पुरुषांपेक्षा तपशिलात सांगतात.

१८९० मध्ये जुन्या सैनिकांची एक वेगळी यादी केली होती. तिचं भवितव्य वर्णानुक्रमावर ठरलं. केंटकीच्या अर्ध्यापासून पुढची राज्यं वाचली. म्हणजे मिशिगन, मिनेसोटा, मिसुरी, नेब्रास्का, ओहायो, विस्कॉन्सिन आहेत, आणि इलिनॉय, इंडियाना, आयोवा, कॅन्सस जवळजवळ सगळी गेली.

ज्यांचा माग असा लागत नाही

वर लिहिलं ते मुख्यतः गोऱ्या शेतकरी घराण्यांना लागू पडतं. पूर्वज आफ्रिकी वंशाचे आणि दक्षिणेत गुलामीत असतील, तर नावानिशी पहिली केंद्रीय खानेसुमारी १८७० ची. त्याआधी मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. अशा वेळी मालकाचे मृत्युपत्र आणि खरेदीखतं, तसंच गुलामीतून सुटलेल्यांसाठी सरकारने काढलेल्या फ्रीडमेन्स ब्युरोचे १८६५ नंतरचे कागद धरावे लागतात. कॅन्ससमधलं निकोडिमस हे १८७७ मध्ये वसलेलं गाव अशाच मुक्त झालेल्या माणसांचं. ओहायो आणि इंडियानात मात्र स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या वस्त्या युद्धापूर्वीही होत्या, त्यांची नावं १८५० पासून मिळतात.

आणि एखादं मूल १८६० किंवा १८८० च्या खानेसुमारीत अचानक, परक्या आडनावानिशी शेतकऱ्याच्या घरात उगवलं, तर अनाथ मुलांच्या गाड्यांची शक्यता तपासा. १८५४ पासून १९२९ पर्यंत न्यूयॉर्कहून मुलं रेल्वेने आणून मिडवेस्टच्या घरांत ठेवली जात. पहिली तुकडी मिशिगनमधल्या डोवाजियाकला उतरली होती. यातली सगळी अनाथ नव्हती. काहींचे आईबाप गरिबीपायी मुलाला सोडून गेलेले होते.

माझे चार महिने वाया कसे गेले

ऑनलाइन इतरांनी मांडलेले वंशवृक्ष असतात. आमच्या माणसाच्या नावाचा वृक्ष सोळा जणांनी टाकलेला होता आणि सोळाही ठिकाणी वडिलांचं नाव एकच. मी डोळे झाकून घेतलं आणि चार महिने त्या वडिलांच्या मागे पळालो. नंतर कळलं की सोळाही जणांनी एकाचंच उतरवलं होतं, आणि त्या एकाने शेजारच्या काउंटीतला त्याच नावाचा दुसराच माणूस धरला होता. दोघांना वेगळं केलं ते जमिनीने. १८७० मध्ये एक सेक्शन १४ वर होता, दुसरा तीस मैल दूर. दुसऱ्यांचे वंशवृक्ष जरूर बघा, पण त्यांच्या खाली जोडलेला कागद उघडून. कागद नसेल तर सोडून द्या.

डीएनए चाचणीबद्दल विचारतात म्हणून सांगतो. ती कागदाला जोड म्हणून ठीक. नात्याने जुळणारी माणसं दाखवते, पण खापरपणजोबांचं नाव काही सांगत नाही.

समुद्रापलीकडचं गाव

हे शेवटी करायचं. अमेरिकेतले सगळे कागद संपल्याशिवाय युरोपात उडी मारू नका, कारण तिकडे गावाचं नाव असल्याशिवाय काही हाती लागत नाही.

नागरिकत्वाचे कागद १९०६ च्या सप्टेंबरपूर्वी कोणत्याही कोर्टात होत आणि त्यांना ठरावीक नमुना नव्हता. बहुतेकांत फक्त कोणत्या राजाची निष्ठा सोडली एवढंच असतं. बायकोचा वेगळा कागद सापडणार नाही, १८५५ पासून १९२२ पर्यंत ती नवऱ्यासोबत आपोआप नागरिक होई. विहीणबाईंच्या पेटीतला तो फाटका कागद म्हणजे १८६० चा डेव्हनपोर्टच्या कोर्टाचा दाखला होता, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अर्जदार डेन्मार्कच्या राजाची निष्ठा सोडत आहे. घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं "आपण डेन्मार्कचे" इथून आलं होतं.

पण मग जर्मन बायबल कशाला? जर्मन वर्तमानपत्रात परिच्छेद का? खानेसुमारीची पानं ओळीने मांडली तेव्हा उलगडा झाला. १८६० मध्ये जन्मस्थळ होल्स्टाइन, १८७० मध्ये प्रशिया, १८८० मध्ये जर्मनी. माणूस तोच, गाव तेच. होल्स्टाइन हा जर्मन भाषेचा मुलूख, पण १८६४ च्या युद्धापर्यंत त्याचा ड्यूक म्हणजे डेन्मार्कचा राजाच होता. पुढे तो प्रशियाकडे गेला आणि १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात आला. स्कॉट काउंटीत १८४८ च्या डेन्मार्कविरुद्धच्या उठावानंतर अशा होल्स्टाइनकरांचा लोंढाच आला होता.

यातले बरेच जण देवधर्म न मानणारे होते, म्हणून डेव्हनपोर्टला चर्चच्या वह्यांत त्यांची नावं कमी आणि व्यायाममंडळांच्या वह्यांत जास्त. इतर घराण्यांना मात्र चर्चची वही हेच पहिलं दार. ल्यूथरन किंवा कॅथलिक पाळकाने नोंद करताना मूळ गाव लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. नॉर्वेकडचे असाल तर आडनाव बापाच्या नावावरून किंवा शेताच्या नावावरून बदलत असे, म्हणून शेताचं नाव धरा. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला नॉर्वेजियन वंशशोधाचं केंद्रच आहे, आणि नॉर्वेचे चर्चचे कागद तिथल्या डिजिटल अभिलेखागारात फुकट मिळतात.

जहाजांच्या याद्या अमेरिकेच्या बाजूने १८२० पासून आहेत, पण त्यांत बहुधा फक्त देश असतो. न्यूयॉर्कचं एलिस बेट, म्हणजे परदेशातून आलेल्यांची तपासणी करणारं ठाणं, १८९२ मध्ये उघडलं, त्याआधी न्यूयॉर्कला १८५५ पासून कॅसल गार्डन होतं. "एलिस बेटावर साहेबाने आमचं आडनाव बदललं" ही कथा घरोघरी ऐकू येते. ती खरी नाही, तिथे जहाजाबरोबर आलेली यादी ताडून बघत, नवी नावं देत नसत. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० पासून आहेत आणि त्यांत मूळ गाव असतं. ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.

आमच्या माणसाचं नाव हॅम्बुर्गच्या यादीत सापडेना. मग वहीतली शेजाऱ्यांची नावं काढली. १८५६ च्या पानावरच्या पाच शेजाऱ्यांपैकी तिघांच्या जर्मन निधनवार्तांत कील शहराजवळच्या प्रॉब्स्टाय भागाचं नाव आलं, आणि दोघांच्यात खेडंही एकच. त्यातला एक होता तो सासरा.

होल्स्टाइनमध्ये डॅनिश राजवटीत १८३५, १८४० आणि १८४५ मध्ये खानेसुमारी झाली होती, घरोघरी, नावानिशी. स्वयंसेवकांनी बरीच खेडी वाचून, टंकून ऑनलाइन ठेवली आहेत. चर्चच्या वह्या आर्खियोन या जर्मन संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. त्या कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. पहिल्यांदा पाहिलं की मोडी समोर आल्यासारखं वाटतं, सगळी अक्षरं सारखीच. वर्णमालेचा तक्ता शेजारी ठेवून आधी महिन्यांची नावं वाचायला शिका, मग "मुलगा", "मुलगी", "मजूर" असे नेहमीचे शब्द. दोन आठवड्यांत हात बसतो.

१८४५ च्या खानेसुमारीत त्या खेड्यातलं शेवटून तिसरं घर आमचं निघालं. बाप रोजंदारीवरचा मजूर, आई, सहा वर्षांचा मुलगा. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचा जन्म ७ एप्रिल १८३८, दगडावरून मोजला होता तोच. खानेसुमारीच्या पानावर त्याच्या वर अकरा वर्षांचं आणखी एक नाव आहे, थोरला भाऊ. तो आयोवात कुठेच दिसत नाही. सध्या त्याच्या मागावर आहे. विहीणबाईंना पेटीतले उरलेले दोन फोटो पुन्हा बघायला सांगितलंय, कारण एकाच्या मागे छापलेलं गाव आयोवातलं नाही, नेब्रास्कातलं आहे.